फ्रेमिंगहॅमचे गाव आणि बोस्टनची नखे

रक्ततपासणीचा कागद आता आपल्या घरोघरी रेशनकार्डाइतका परिचयाचा झाला आहे. पूर्वी पन्नाशी उलटलेली दोन माणसे भेटली की मुलामुलींच्या लग्नाच्या गोष्टी निघत. आता ‘तुमची साखर किती?’ आणि ‘वरचे किती, खालचे किती?’ असे प्रश्न निघतात. आमच्या घरात ह्यांना रक्तदाब आहे आणि मला मधुमेह. म्हणजे संसारातल्या इतर गोष्टींप्रमाणे ह्याही गोष्टीची आम्ही वाटणी करून घेतली आहे. त्या कागदावर कोलेस्टेरॉलच्या चारपाच ओळी असतात. त्यांत ‘एचडीएल’ म्हणून एक ओळ असते. हे चांगले कोलेस्टेरॉल, ते जितके जास्त तितके बरे, असे डॉक्टर सांगतात आणि आपण मान डोलावतो. ही ओळ त्या कागदावर कशी आली, तिच्यासाठी कोणी दंड पुढे केले, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला २०२५ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत लेकीकडे राहावयास गेले तेव्हा.

लेकीचे बिऱ्हाड बोस्टनच्या पश्चिमेस ॲशलंड नावाच्या गावी आहे. तेथे श्रीलक्ष्मीचे मोठे मंदिर आहे, त्यामुळे आपल्याकडची माणसे आसपास पुष्कळ. शेजारचेच गाव फ्रेमिंगहॅम. बोस्टनची सुप्रसिद्ध मॅरेथॉन शर्यत ह्या दोन्ही गावांतून धावत जाते एवढीच मला त्याची माहिती होती. लेकीच्या घराला लागून एक बाई राहतात. वय ऐंशीच्या आसपास, एकट्या, पण बागकामात आपल्याकडच्या चाळिशीतल्या बायकांना हार जाणार नाहीत. एकदा मी गोळी घेताना त्यांनी पाहिले आणि सहज विचारले, “रक्तदाबाची का?” मी म्हटले, “नाही, साखरेची. रक्तदाबाची आमच्या यजमानांना.” तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “मग तुमच्या यजमानांची आणि माझ्या आईची जुनी ओळख आहे म्हणायची. माझी आई फ्रेमिंगहॅमच्या यादीत होती. मीही आहे.”

ही यादी काय प्रकरण आहे ते त्यांनी मला पुढे आठवडाभर, तुकड्यातुकड्याने सांगितले. पुष्कळसे मी मागाहून वाचून ताडून पाहिले.

त्याची सुरुवात होते ती अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्यापासून. मार्च १९४४ मध्ये एका तरुण हृदयतज्ज्ञाने, डॉ. हॉवर्ड ब्रूएन ह्यांनी, रूझवेल्टना तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६ वर १०८ निघाला. आज एवढा आकडा दिसला तर आपल्या गल्लीतला डॉक्टरसुद्धा झोपू देणार नाही. त्या काळी मात्र वय वाढले की रक्तदाब वाढावयाचाच, अशी भल्या भल्या वैद्यांची समजूत होती; आणि वाढला तरी उतरविण्याचे धड औषध नव्हते. रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले, महायुद्ध चालवीत राहिले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी डोके दुखते म्हणता म्हणता मेंदूतील रक्तस्रावाने गेले. शेवटच्या दिवशी मोजलेला दाब होता ३०० वर १९०.

जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला ज्या आजाराने नेले त्याची कारणेच कोणाला ठाऊक नाहीत, ही गोष्ट त्या देशाला बोचली असावी. जून १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. त्यातून ५ लाख डॉलर देऊन, वीस वर्षे चालावयाचा एक अभ्यास ठरला. रोग झाल्यावर माणसे तपासण्याऐवजी, धडधाकट माणसे आधीच तपासून ठेवावयाची आणि कोण, केव्हा, कशाने आजारी पडतो ते पाहात बसावयाचे. ह्यासाठी निवडले फ्रेमिंगहॅम. साधारण २८ हजार वस्तीचे, कारखान्यांत काम करणाऱ्या सामान्य माणसांचे गाव. क्षयरोगावरचा असाच एक गावभर चाललेला प्रयोग ह्या गावाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एकदा पार पाडलेला होता, त्यामुळे डॉक्टर दारात आले की लोक दचकत नसत.

५,२०९ स्त्रीपुरुष तयार झाले. वये तिशी ते बासष्टीच्या आसपास. दर दोन वर्षांनी दवाखान्यात यावयाचे, रक्त द्यावयाचे, छातीचा आलेख काढावयाचा, विचारतील ते सांगावयाचे. पैसे काही नाहीत. उपचारही नाहीत, तपासणीचे निकाल घरच्या डॉक्टरकडे जात, एवढेच. शेजारीणबाईंच्या आईला एका मैत्रिणीने ह्यात ओढले होते. “आई म्हणायची, चर्चच्या भांडीविक्रीला जाण्यापेक्षा हे बरे, इथे निदान कोणी केक करून आणायला सांगत नाही.” बाई हे सांगताना खूप हसल्या. मला मात्र आपल्याकडच्या हळदीकुंकवाची आठवण झाली. थोर कार्याला माणसे बहुधा अशीच, मैत्रिणीने हात धरून ओढल्यामुळे जातात.

सुरुवातीची बहुतेक वर्षे डॉ. थॉमस डॉबर ह्यांच्या देखरेखीखाली वह्या भरत होत्या. १९५७ पासून निकाल बाहेर येऊ लागले. वाढलेला रक्तदाब निरुपद्रवी नाही; कोलेस्टेरॉल वाढलेल्यांना हृदयविकार अधिक होतो; पुढे सिगारेटचेही पितळ उघडे पडले. १९६१ साली डॉ. विल्यम कॅनेल आणि डॉ. डॉबर ह्यांच्या लेखात ‘धोक्याचे घटक’ ह्या अर्थाचा शब्द आला आणि आज तो प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी आहे.

आणि नेमक्या ह्या टप्प्यावर, १९६९ च्या सुमारास, सरकारने सांगितले की आता पुरे. वीस वर्षांची मुदत ठरली होती, ती संपली. जे शोधावयाचे ते शोधून झाले. हा पैसा दुसरीकडे लागेल. हिशेबाच्या दृष्टीने म्हणणे चुकीचे नव्हते. एखाद्या कारकुनाने फाइल पाहिली असती तर त्यानेही हाच शेरा मारला असता. पण फ्रेमिंगहॅमची माणसे तेव्हा कुठे पन्नास, साठ, सत्तरीत आली होती! ज्या वयात हृदय, मेंदू, साखर आपले रंग दाखवितात त्या वयाच्या उंबरठ्यावर ती उभी होती. आंबा पिकावयास आला असता झाड तोडावे, तशातला प्रकार.

डॉ. डॉबर १९६६ मध्येच तेथून निघून बोस्टन विद्यापीठात गेले होते. दुसरा कोणी असता तर हळहळला असता आणि स्वस्थ बसला असता. हे गृहस्थ झोळी घेऊन बाहेर पडले. खाजगी देणगीदारांची दारे त्यांनी ठोठावली आणि मिळेल तेवढ्या पैशांवर दवाखाना कसाबसा उघडा ठेवला. हे सारे सुख-समाधानाने चालले असे समजू नये. माणसे कमी झाली, काम रोडावले. पण धागा तुटला नाही. १९७१ पासून सरकारी हृदयसंस्था आणि बोस्टन विद्यापीठ ह्यांच्या सहकार्याने काम पुन्हा मार्गी लागले आणि त्याच वर्षी मूळच्या माणसांची मुले, सुना, जावई अशी ५,१२४ माणसांची दुसरी पिढी यादीत आली. आमच्या शेजारीणबाई त्यांतल्याच.

आता त्या कागदावरच्या ओळीकडे येते. एचडीएलचे महत्त्व ज्या निकालाने जगाच्या गळी उतरविले तो फ्रेमिंगहॅमचा निकाल १९७७ सालचा आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो, हे त्याच अभ्यासाने १९७८ साली दाखविले. आज अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या देतात, त्या विचाराच्या मुळाशी हे आहे. दोन्ही निकाल कुलूप लावावयास निघालेल्या वर्षानंतरचे. मधली ती थोडी वर्षे उसन्या पैशांवर काढली नसती तर काय झाले असते, हे मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही.

पैशांची ही रडकथा तेथेच थांबली नाही. २०१३ साली अमेरिकन सरकारच्या सरसकट कपातीत फ्रेमिंगहॅमच्या सुमारे ९० लाख डॉलरच्या करारातून ४० लाख कापले गेले आणि दवाखान्यातल्या १९ जणांची नोकरी गेली. बाई म्हणाल्या, “माझे रक्त काढणारी मुलगी गेली. वीस वर्षांत तिला माझी शीर बरोबर ठाऊक झाली होती.” हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. अशा अभ्यासात यंत्रे विकत मिळतात. शीर ओळखणारा हात मिळत नाही.

मी तेथे होते त्या दिवसांत ह्याच जातीची, पण पुष्कळ मोठी, उलथापालथ बोस्टनमध्ये चालू होती. सरकार आणि हार्वर्ड विद्यापीठ ह्यांचे बिनसले. ज्यू विद्यार्थ्यांना होणारा त्रास विद्यापीठाने थांबविला नाही, असा सरकारचा आरोप होता. प्रवेश, नेमणुका, कारभार ह्यांबद्दलच्या सरकारी अटी विद्यापीठाने नाकारल्या. आणि १४ एप्रिल २०२५ रोजी सरकारने २२० कोटी डॉलरहून अधिक अनुदान गोठविले. भांडणात कोणाचे किती चुकले ह्याचा निवाडा करण्याचा अधिकार मला पाहुणीला नाही. पण थोरल्यांच्या भांडणात स्वयंपाकघरातला गॅस बंद करावा तसे झाले खरे. कारण तो पैसा ज्या कामांवर जात होता त्यांत परिचारिकांचा अभ्यास होता.

१९७६ साली डॉ. फ्रँक स्पायझर ह्यांनी १,२१,७०० विवाहित परिचारिकांना ह्या अभ्यासात सामील करून घेतले. संततिनियमनाच्या गोळ्यांचे दूरगामी परिणाम पाहावयाचे होते. परिचारिकाच का? तर आजारांची नावे त्यांना ठाऊक, उत्तरे नेमकी देणार, आणि विचारलेल्या प्रश्नाला लाजणार नाहीत. दर दोन वर्षांनी टपालाने प्रश्नावली. १९८० पासून त्यात आहाराचे प्रश्न आले, ते डॉ. वॉल्टर विलेट ह्यांच्यामुळे. १९८२ च्या सुमारास त्यांनी पायाच्या बोटांची नखे मागविली! साठ हजारांहून अधिक बायकांनी ती कापून पाकिटात घालून पाठविली. नख सावकाश वाढते, म्हणून खाण्यातून गेलेले सेलेनियम, पारा असले पदार्थ त्यात महिनोन्‌महिने नोंदले जातात. तिन्हीसांजेला नखे काढू नयेत एवढेच नखशास्त्र माझ्या आईने मला शिकविले होते. १९८९ साली सुमारे तेहतीस हजार जणींनी रक्त काढून बर्फाच्या पिशवीबरोबर टपालाने धाडले.

ह्या बायकांनी आपल्या घरासाठी काय केले ते दिवाळीच्या निमित्ताने सांगण्यासारखे आहे. आमच्या लहानपणी डालड्याचा पिवळा डबा, त्यावरचे ते ताडाचे झाड, प्रत्येक घरात असे. तूप परवडत नसे, म्हणून शंकरपाळ्यांचे मोहन डालड्याचे, करंज्या डालड्यात. डबा रिकामा झाला की त्यात तुळस. हे घट्ट केलेले तेल लोण्यातुपापेक्षा हृदयाला बरे, असे अमेरिकेतही मानीत. तिकडे त्याला मार्गारीन म्हणत. १९९३ साली विलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच परिचारिकांपैकी ८५ हजारांवर जणींच्या आठ वर्षांच्या नोंदी मांडल्या, आणि तेल घट्ट करताना होणारी ‘ट्रान्स’ चरबी सर्वांत जास्त खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या दीडपट असल्याचे दाखविले. पुष्कळ वाद झाले. शेवटी अमेरिकेत २००६ पासून पुड्यांवर ती चरबी छापणे सक्तीचे झाले. आणि आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेलातुपात तिचे प्रमाण शंभरात दोन भागांच्या वर नसावे असा नियम आहे. तुमच्याआमच्या कढईपर्यंत पोचलेल्या ह्या नियमामागे जगभरचे संशोधन आहे. पण त्यातला एक मोठा वाटा रात्रपाळी करून घरी आल्यावर ‘गेल्या वर्षी लोणी किती वेळा खाल्ले?’ ह्या प्रश्नावर खूण करणाऱ्या त्या बायकांचा आहे.

तर ह्या बायकांचे रक्त द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांत ठेवलेले आहे. नखांना थंडी लागत नाही, ती पाकिटात सुखाने राहतात. रक्ताचे तसे नाही. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवरच उकळतो, म्हणजे रात्रंदिवस उडून जात असतो, म्हणून तो सतत भरीत राहावा लागतो. भरणारा माणूस हवा, पाहणारा माणूस हवा, पैसे हवेत. पैसे गोठल्यावर विलेट ह्यांनी उघडपणे जी पहिली काळजी बोलून दाखविली ती ह्या टाक्यांची. संशोधकाला वर्षभर घरी बसविले तर तो परत येऊ शकतो. वितळलेले १९८९ चे रक्त पुन्हा गोठवून उपयोगी पडत नाही. आणि ते देणाऱ्यांतल्या कित्येकजणी आता ह्या जगात नाहीत.

तेव्हा सुरू झाली ती तातडीची मदत. तिकडे ह्याला पुलाचा पैसा म्हणतात. मधला ओढा ओलांडण्यापुरता. मे २०२५ मध्ये हार्वर्डने स्वतःच्या तिजोरीतून २५ कोटी डॉलर अशा अडलेल्या संशोधनासाठी काढले आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी आपला पगार पावपट कमी करून घेतला. २२० कोटींच्या खड्ड्यावर २५ कोटींची फळी. कोणाला ती द्यावयाची, कोणाला नाही, हे ठरविताना काय होत असेल ते ज्या घरात एकाच मिळकतीवर तीन मुले शिकली आहेत त्यांना सांगावयास नको.

गणपतीच्या दिवसांत आमच्या लेकीच्या घरी दहाबारा मराठी कुटुंबे जमली असता ह्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. कोणीतरी सुचविले की आरतीच्या तबकात जमलेले पैसे ह्या टाक्यांना द्यावेत. लगेच एक गृहस्थ उसळले, “हार्वर्डकडे पाच हजार तीनशे कोटी डॉलरची गंगाजळी आहे हो! त्यांना आपण आरतीतले पैसे द्यायचे?” आकडा खरा आहे. पण त्या गंगाजळीतला मोठा भाग देणगीदारांनी अमुकच कामाला म्हणून बांधून दिलेला असतो. आपल्याकडे देवस्थानच्या इनामातून गावचा रस्ता करता येत नाही, तसे. दुसरे एकजण म्हणाले, “खाजगी दात्याला नवे काहीतरी उघडायला आवडते. नाव लावलेली इमारत मिळते. टाकीत नायट्रोजन भरल्याबद्दल कोणाच्या नावाची पाटी लागणार?” मला हा मुद्दा सर्वांत पटला. मंदिराच्या कळसाला पैसे देणारे पुष्कळ, रोजच्या तेलवातीला देणारे थोडे. जन्मभर चालणाऱ्या आजाराचा अभ्यास म्हणजे तेलवात आहे. वर्षानुवर्षे तीच माणसे, तेच प्रश्न, तेच रक्त. ती सरकारनेच घालावी लागते. बाकीच्यांनी फार तर एकदोन रात्री सांभाळावी.

माझ्यासारखीला अधिक लागली ती दुसरी बातमी. मधुमेह टाळण्याचा जो जगप्रसिद्ध प्रयोग, त्याची हकीकत. १९९६ पासून ३,२३४ माणसे त्यात घेतली. मधुमेहाच्या काठावर उभी असलेली. वजन शंभरात सात भाग उतरविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटते, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी, हे २००२ साली जगाला कळले. मला डॉक्टरांनी पहाटे पर्वतीवर पिटाळले ते ह्याच आकड्यांच्या जोरावर. ती माणसे आता सत्तरीपुढे गेली आहेत आणि साखरेचा आणि विस्मरणाचा संबंध त्यांच्यात पाहणे चालू होते. मार्च २०२५ मध्ये तो पैसा एकाएकी थांबला. अभ्यासात खोट निघाली म्हणून नव्हे. अनेक राज्यांतल्या तीसेक केंद्रांना जाणारा पैसा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठामार्फत जात होता आणि त्या विद्यापीठाची ४० कोटी डॉलरची अनुदाने सरकारने रद्द केली होती, म्हणून. जुलैमध्ये विद्यापीठाने तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरण्याचे कबूल करून तडजोड केली आणि रद्द झालेली बहुतेक अनुदाने परत देण्याचे ठरले. हार्वर्डच्या बाबतीत ३ सप्टेंबर २०२५ रोजी बोस्टनच्या न्यायालयाने अनुदान तोडणे बेकायदा ठरविले. पण मधल्या महिन्यांत माणसे पांगतात, तपासण्यांच्या तारखा हुकतात. पंचाहत्तरीच्या माणसाची स्मरणशक्ती यंदा मोजावयाची राहिली तर ती पुढल्या वर्षी मोजता येते, पण यंदाची म्हणून नव्हे.

हे परक्यांचे दुखणे आहे असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांपासून असाच अभ्यास सुरू केला. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीनची. पण आपल्या त्या किरकोळ बाळांत चरबीचा वाटा मात्र राखलेला, हे त्यातून कळले. आपल्याकडे सडपातळ माणसाला मधुमेह का होतो, ह्याचा धागा तेथे सापडतो. त्या बाळांची आता बाळे झाली आहेत. चुलीपुढून उठून तपासणीला गेलेल्या त्या बायकांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

आरतीच्या तबकात शेवटी ३१७ डॉलर जमले. खडाजंगीचा निकाल काही लागला नाही. निम्मे मंदिराला, निम्मे त्या टाक्यांकडे, असे ठरले. त्या मंडळींत एक सोलापूरकडच्या परिचारिका होत्या, बोस्टनच्या एका इस्पितळात नोकरीस. परिचारिकांच्या अभ्यासाची तिसरी तुकडी २०१० पासून भरते आहे, तीत त्यांचे नाव आहे. हल्ली टपाल नाही, संगणकावरच भरावयाचे. पैसे गोठले तेव्हा त्यांनी भरणे थांबविले का, असे मी विचारले.

“नाही हो काकू,” त्या म्हणाल्या, “त्यांनी थांबवायला सांगितलं नाही. मी भरते आहे.” आणि घड्याळ पाहून उठल्या. रात्रपाळी होती. प्रसादाची वाटी डब्यात घालून देताना मी पाहिले, शिऱ्यात तूप घरचे होते.